सत्तेचाळीस नंबरचं कुलूप

जैनबने 'सध्याचा पत्ता' या रकान्यावर पेन टेकवलं आणि ती तिथंच थांबली. शाईचा एक ठिपका उमटला आणि हळूहळू पसरू लागला. टेबलापलीकडच्या पंचायतीच्या बाबूने मान वर केली.

"लिहा ना बाई. तुमच्या मागं अजून चौदा जण उभे हायेत."

मागच्या चौदा जणांचं तिला काही वाटत नव्हतं. नाव, नवऱ्याचं नाव, धंदा, घरात माणसं किती, स्वतःचं घर आहे की नाही, हे सगळं तिने झरझर लिहिलं होतं. सातवी शिकलेली होती, अक्षरही वळणदार होतं. पण राहत्या घराचा पत्ता तिने गेल्या नऊ वर्षांत एकाही कागदावर लिहिला नव्हता. लिहायचा नसतो, एवढीच एक गोष्ट या नऊ वर्षांत ती पक्की शिकली होती.

घर म्हणजे कॉलरीचं, कोळसा खाणीचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर ओटा. ते मिळालं होतं श्रावणला. श्रावण खाणीत कामाला होता, पण म्हातारी आई आणि चार एकर धान सोडून घुग्घुस गावच्या धुळीत राहायला तो तयार नव्हता. नदीपलीकडच्या आपल्या गावाहून तो मोटरसायकलने ड्युटीला यायचा. रिकाम्या क्वार्टरमध्ये त्याने जैनबच्या नवऱ्याला, अल्ताफला राहायला दिलं. अल्ताफ ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचा, आणि घुग्घुसला ना कोळशाच्या ट्रकांचा तुटवडा होता ना फाटक्या ताडपत्र्यांचा. दोघांचीही सोय झाली. फक्त कॉलरीच्या नियमात पोटभाडेकरू बसत नव्हता. तो सापडला तर त्याचं सामान रस्त्यावर आणि क्वार्टरवाल्याच्या नोकरीवर बालंट.

म्हणून दारावर पाटी श्रावणची. रेशनकार्ड भद्रावतीला थोरल्या दिराच्या घरी. पोरीच्या, नाहीदच्या शाळेत पत्ता ताडपत्रीच्या दुकानाचा, पत्रंही तिथंच यायची. सरकारदरबारी पाहिलं तर हे तीन जीव नऊ वर्षं हवेतच राहत होते.

आणि आता पंचायत गावठाणावर बारा घरकुलं बांधणार होती. अट एकच मोठी होती, की गावात पाच वर्षांचा रहिवास पाहिजे. ज्या बाईने नऊ वर्षं आपण इथं राहत नाही असं दाखवण्यात घालवली, तिने आता राहत होतो म्हणून सिद्ध करायचं होतं.

"दुकानाचा पत्ता चालंल का?" तिने विचारून पाहिलं.

बाबू म्हणाला की दुकानात कोणी झोपत नाही. कागद नसला तर चौकशीला माणूस येईल, घर पाहील, शेजाऱ्यांना विचारील आणि पंचनामा करील. खोटा पत्ता असेल तर अर्ज तिथंच कटेल. हे त्याने इतक्या सवयीने सांगितलं की त्यात धमकी अशी काही नव्हती.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. जैनबने पदर सारखा केला आणि लिहिलं, 'क्वार्टर नंबर ४७, तीन नंबर लाईन.' लिहून झाल्यावर तिला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. तिने कागद पालथा करूनच बाबूच्या हातात दिला.

हे सगळं सुरू झालं होतं डिसेंबरात. श्रावण एका रविवारी मुद्दाम आला. हातात घरच्या तांदळाची पिशवी होती. ओट्यावर बसला, चहा घेतला, नाहीदच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"मार्चले रिटायर होऊन राह्यलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "क्वार्टर वापस करा लागते. नाई केलं तं पैसा अडकवून ठेवते थे लोक."

त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. नऊ वर्षांत त्याने कधी वाकडा शब्द काढला नव्हता. जैनबने दुसऱ्याच दिवसापासून खोली शोधायला सुरुवात केली. गावात खोल्या नव्हत्या असं नाही. पण सिमेंटच्या कारखान्याची माणसं आल्यापासून भाडी दुप्पट झाली होती, आणि 'शेख' म्हटल्यावर दोन ठिकाणी खोली एकाएकी भरलेली निघाली होती. भद्रावतीला दिराकडे जावं तर तिथं आधीच नऊ माणसं दोन खोल्यांत.

अल्ताफ चंद्रपूरला एका वकिलाकडे जाऊन आला. भाडेकरूला असं एकदम काढता येत नाही, त्यालाही हक्क असतात, असं त्याने कुठंतरी ऐकलं होतं. ते खरंच होतं, फक्त भाडेकरूसाठी. वकिलाने विचारलं, पावती आहे का, करारनामा आहे का, या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र तरी? अल्ताफ सगळ्याला नाही म्हणत गेला. तेव्हा वकिलाने समजावून सांगितलं की कॉलरीचं क्वार्टर नोकरीसोबत येतं आणि नोकरीसोबत जातं. तिथं श्रावणच मुळात भाडेकरू नाही, तर त्याचा भाडेकरू कुठून येणार? त्याने फी मात्र घेतली नाही, आणि घरकुलाची गोष्ट त्यानेच सांगितली. भला माणूस असावा.

घरकुलाच्या अर्जात क्वार्टरचा नंबर टाकायचा म्हणून जैनबने श्रावणला विचारलं. त्याने खूप वेळ विचार केला आणि हो म्हटलं. कॉलरीतलं कोणी पंचायतीचे कागद वाचत बसत नाही, असं तोच म्हणाला. पण एक वचन त्याने घेतलं.

"लाईनीत कोणाले सांगू नोका. अजून तीन घरी असेच लोक राह्यते. सगळ्याइनं नंबर टाकले तं बोंब होईन, आन् माही पेन्शन जाईन."

जैनबने मान हलवली. वचन द्यायला सोपं होतं, पाळायला अवघड. कारण शेजारी अठ्ठेचाळीस नंबरात नीलाबाई होती.

नीलाबाईचा नवरा खाणीत पंपावर होता. बाई पन्नाशीची, अंगाने आडवी, आवाजाने खणखणीत. जैनब या लाईनीत आली तेव्हा नाहीद पोटात होती. नीलाबाईने पहिल्याच दिवशी दोन घागरी पाणी आणून दिलं आणि विचारलं होतं, कितवा महिना? त्यानंतर दोघींमध्ये लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ईदच्या शेवया अठ्ठेचाळीसात आधी जात, आणि चौदा एप्रिलला नीलाबाईच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीला फॉल जैनबच्याच हातचा असे.

पण खरी गोष्ट कुलपाची होती. तीन नंबर लाईनीची ती रीतच पडली होती. कोणी अनोळखी माणूस हातात फाईल घेऊन लाईनीत शिरला की नळावरची बाई घागरीवर तीनदा वाटी वाजवायची. तो आवाज आला की नीलाबाई हातातलं काम टाकून यायची, सत्तेचाळीसचं दार ओढायची आणि बाहेरून कुलूप घालायची. मग कोणी विचारलं की सांगायचं, श्रावण ड्युटीवर गेला. जैनब आत भिंतीला टेकून बसायची, बादलीची कडीसुद्धा वाजू द्यायची नाही. नाहीदला डांग्या खोकला झाला होता तेव्हा एकदा तिने पोरीचं तोंड स्वतःच्या छातीत दाबून धरलं होतं. बाहेर कॉलरीचा साहेब पानवाल्याच्या गोष्टी सांगत उभा होता, आणि आत पोरीचे ओठ निळे पडत चालले होते. तो गेल्यावर दोघी बायका किती वेळ नुसत्या रडत होत्या.

अशा बाईपासून लपवायचं म्हणजे दगडाखाली हात अडकवून हसायचं. अर्ज दिल्याच्या दिवसापासून दहा वेळा तरी शब्द जैनबच्या ओठांवर आला असेल. नीलाबाई मिरच्या निवडताना समोर बसलेली असायची आणि जैनब म्हणायची, "बाई," आणि मग म्हणायची, "यंदा तिखट जरा जास्त हाये नाई?" नीलाबाई तिच्याकडे पाहायची. काहीतरी आहे हे तिला कळत होतं. काय ते विचारायचा तिचा स्वभाव नव्हता.

जैनबने मनाशी एक बेत केला होता. चौकशीचा माणूस येईल तेव्हा आपण दारातच असू. त्याला आत बसवू, पाणी देऊ, चूल दाखवू, नाहीदची पुस्तकं दाखवू. मग आपणच नीलाबाईला हाक मारू आणि त्याच्या समोरच तिला सगळं सांगू. शेजाऱ्यांना तो विचारणारच होता, म्हणून त्यात वचनही मोडत नव्हतं आणि मैत्रीही. बेत चांगला होता.

बाबूने फक्त 'या आठवड्यात' एवढंच सांगितलं होतं. सोमवारी जैनब सकाळपासून ओट्यावर पिको करायच्या साड्या घेऊन बसली. मंगळवारीही बसली. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की सुई बोटात घुसायची. बुधवारी तिने नळावरचं पाणीही नाहीदकडून भरून घेतलं. गुरुवारी अल्ताफ जेवायला आला तेव्हा त्याने नुसतं भुवया उडवून विचारलं आणि तिने नुसती मान हलवली. अर्ज दोनशेवर गेले आहेत, असं त्याने दुकानात ऐकलं होतं. त्याने ते तिला सांगायला नको होतं.

शुक्रवारी अल्ताफ दुकानातूनच परस्पर मशिदीत जाणार होता. नाहीद शाळेत होती. दुपारचा भोंगा झाला, पहिल्या पाळीची माणसं काळी तोंडं घेऊन परतू लागली आणि लाईनीत थोडी गडबड झाली, मग शांतता पसरली. जैनबने वजू केली आणि आतल्या खोलीत नमाजसाठी चटई अंथरली. दार तिने मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. चार दिवस जो आला नाही तो या दहा मिनिटांत कशाला येतो, असं तिला वाटलं.

ती सजद्यात गेली, आणि नळावर घागर वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

नीलाबाईच्या चपला ओट्यावर आल्या. तिने आत डोकावून पाहिलं असावं, कारण चपला क्षणभर थांबल्या. मग दार हलक्या हाताने, नमाजात व्यत्यय येऊ नये अशा बेताने ओढलं गेलं. कडी सरकली. कुलूप लागलं.

या आवाजाने नऊ वर्षं जैनबचा जीव भांड्यात पडत आला होता. आज तिचं कपाळ चटईवर होतं आणि पुढचे शब्दच तिला आठवेनात. नमाज मोडावी की पुरी करावी हे ठरेपर्यंत ती सवयीने पुरी करतच गेली. किती रकात झाल्या हे तिला नंतर सांगता आलं नसतं. सलाम फेरला आणि ती अनवाणी दाराशी धावली.

फळीला कान लावला तेव्हा मोटरसायकल बंद होत होती.

"सत्तेचाळीस नंबर हाच ना?" पुरुषाचा आवाज होता, दमलेला. "कोण राहते इथं?"

"श्रावण राह्यते जी," नीलाबाई म्हणाली. "ड्युटीवर गेला हाये."

"जैनब अल्ताफ शेख?"

जैनबने फळीला कान आणखी दाबला. नाव घेतलं म्हणजे पंचायतीचा असेल. पण दोन वर्षांपूर्वी पाच नंबर लाईनीत कोणीतरी निनावी अर्ज केला होता, त्यात पोटभाडेकरूचं नाव बापाच्या नावासकट लिहिलेलं होतं. कॉलरीची माणसं तेच नाव घेऊन आली होती, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरातली बाज रस्त्यावर होती. नावावरून काही सिद्ध होत नव्हतं.

"कोण म्हणता?"

"जैनब. नवरा ताडपत्र्या शिवते म्हणून लिहिलं आहे."

"अशी कोणी नाई इथी," नीलाबाई म्हणाली. खरं बोलतानाही कोणाचा आवाज इतका स्वच्छ नसेल.

तोवर आणखी दोघीतिघी जमल्या होत्या. त्याने त्यांनाही विचारलं, आणि आमटीत एकेकीने आपापला मसाला टाकावा तशा त्या बोलल्या. एक म्हणाली की या लाईनीत शेख कोणीच नाही. दुसरी म्हणाली की ताडपत्रीवाल्याचं दुकान तेवढं तिला माहीत आहे, तो भद्रावतीहून येणंजाणं करतो. तिसरी काही न विचारताच म्हणाली की ती स्वतः इथं बारा वर्षांपासून आहे, तिला माहीत नसेल असं होईल का? या तिघींच्या घरच्या साड्या जैनबच्या टोपलीत पडल्या होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"ठीक आहे," तो माणूस म्हणाला. कागद उलटल्याचा आवाज आला. "लिहितो तसंच. अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही. तिघीजणी इथं सह्या करा, अंगठा असला तरी चालंल. घरकुलं बारा आणि अर्ज दोनशे, एक तरी कमी झाला."

घरकुल हा शब्द फळीच्या या बाजूला पोचला तसाच त्या बाजूलाही पोचला.

"कायचं घरकुल, साहेब?" नीलाबाईचा आवाज बदलला होता.

"तिनं अर्ज केला आहे ना पंचायतीत. हाच पत्ता टाकून." तो वैतागला. "कोणी पण कोणाचा पण पत्ता टाकते. चला, सही करा बाई, मले अजून नकोडा गावाले जाचं आहे."

जैनबला नीलाबाईचा चेहरा दिसत नव्हता, पण न दिसताही दिसत होता. आता तिने शब्द फिरवला तर ती चार बायांसमोर आणि सरकारी माणसासमोर खोटी ठरणार. खोटं का बोललीस म्हटल्यावर कुलपाची गोष्ट निघणार. तिचा नवरा कॉलरीत. तिचं स्वतःचं क्वार्टर कॉलरीचं. आणि ज्या बाईसाठी हे सगळं करायचं, त्या बाईने तिला एका शब्दाने विश्वासात घेतलं नव्हतं. जैनबला त्या क्षणी घराच्या आधी याचीच लाज वाटली.

"सही कुठी करू जी?" तिसरीने विचारलं.

जैनबने तोंड उघडलं. आवाज आला नाही. या दाराआड गप्प बसायची तिला इतकी सवय झाली होती की घसाच जागेवर नव्हता. श्रावणचा खाली घातलेला चेहरा तिला आठवला, त्याचं वचन आठवलं. मार्च आठवला. भद्रावतीच्या दोन खोल्यांतली नऊ माणसं आणि त्यात एका कोपऱ्यात पुस्तकं घेऊन बसलेली नाहीद आठवली. तिने मूठ वळली आणि फळीवर मारली. मारल्यावर ती स्वतःच दचकली. मग पुन्हा मारली.

"साहेब, मी जैनब," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "जैनब अल्ताफ शेख. मी इथीच राह्यतो."

बाहेर नळाचं पाणी तेवढं कुणाच्यातरी भरलेल्या घागरीवरून वाहत होतं.

"आत कोण आहे?" तो माणूस म्हणाला. "बाहेरून तं कुलूप आहे."

दोन पावलं ओट्यापासून दूर गेली. कोणीतरी घागर उचलून चाललं होतं, आणखी कोणी तिच्या मागून. जैनबने फळीला हात लावून ठेवला होता. नीलाबाईची पावलं त्यात आहेत का, हे तिला ओळखता येईना. नीलाबाई गेली असती तरी तिने तिला बोल लावला नसता. कुलूप श्रावणचं आहे, श्रावण आला की विचारा, एवढं म्हणून ती सुटली असती, आणि कोणीही तेच केलं असतं.

"अहो, मी विचारून राह्यलो, हे कुलूप कोणाचं आहे?"

"माहं हाये, साहेब," नीलाबाई म्हणाली. ती दाराच्या अगदी जवळ होती. "किल्ली माह्यापाशी हाये. नऊ वर्सापासून माह्यापाशीच हाये. तुमी लिहून घ्या."